वाळूचा हिशेब मांडणारा अभियंता : सर क्लॉड इंग्लिस

पावसाळा ओसरला, की परभणी जिल्ह्यातल्या गंगाथडीत गोदावरीचे पात्र हळूहळू उघडे पडते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांत काठाकाठाने वाळूचे पट्टे दिसू लागतात आणि त्यांच्यासोबत दरवर्षीची चर्चाही सुरू होते. लिलाव किती ब्रासचे होणार, चोरटा उपसा किती होतो, पुलाच्या खांबांजवळ खोदकाम झाले का, काठच्या विहिरींचे पाणी उतरले का. या सगळ्या चर्चेच्या मुळाशी एक साधा दिसणारा प्रश्न असतो. यंदाच्या पुरात नदीने नवी वाळू आणली तरी किती?

पाणी किती आले, हे मोजता येते. त्यासाठी ढालेगाव, गंगाखेडचा रेल्वेपूल आणि पूर्णा येथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. पाण्यात तरंगत जाणारा गाळही नमुना बाटलीत भरून तपासता येतो. पण तळाशी घरंगळत, लहान लहान उड्या मारत जाणारी जाडी वाळू आणि गोटे भर पुरात मोजणे जवळपास अशक्य असते. ते गणितानेच काढावे लागतात. नद्यांच्या वाळूचा असा हिशेब भारतात ज्यांनी शिस्तीने मांडायला सुरुवात केली, त्यांत एक नाव ठळक आहे, ते सर क्लॉड इंग्लिस यांचे. हे आयरिश अभियंते जवळपास चार दशके भारतात राहिले आणि त्यांची कर्मभूमी होती पुण्याजवळचे खडकवासला.

डब्लिनहून दख्खनमध्ये

क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस यांचा जन्म ३ मार्च १८८३ रोजी डब्लिन येथे झाला. तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९०६ मध्ये ते भारतातल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले. नेमणूक मुंबई इलाख्यात होती. त्या काळी सिंधही याच इलाख्यात मोडत असे. त्यामुळे एकीकडे सिंधू नदीचा सपाट, वाळूचा प्रदेश आणि दुसरीकडे दख्खनच्या काळ्या जमिनी व खडकाळ नद्या, अशा दोन अगदी वेगळ्या भूभागांशी या खात्यातल्या अभियंत्यांचा संबंध येई. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे इंग्लिस यांच्या अखत्यारीबाहेर. पण दख्खनच्या नद्यांसाठी त्यांनी जे शोधले, ते पुढे संस्थानांच्या सीमा ओलांडून गेले.

दख्खनमध्ये त्यांच्यासमोर आलेला प्रश्न वाळूचा नव्हता. नीरा आणि मुठा कालव्यांमुळे दुष्काळी भागात ऊस उभा राहिला होता. पण काही वर्षांतच कालव्याखालच्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या. जमिनीवर पांढरे मीठ फुटू लागले आणि चांगली काळी शेते चोपण झाली. कारण नेमके काय आणि उपाय कोणता, हे शोधण्यासाठी १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग सुरू केला. त्याचे काम इंग्लिस यांनी उभे केले. जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजायची, निचऱ्याचे चर कुठे काढायचे ते ठरवायचे, उसाला प्रत्यक्षात किती पाणी लागते ते तपासायचे, असे हे काम होते. याच छोट्या विभागातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली.

या कामातून इंग्लिस यांना एक धडा मिळाला. मोजल्याशिवाय पाण्याबद्दल बोलणे व्यर्थ आहे. कालव्यातून किती पाणी सुटते हेच नक्की ठाऊक नसेल, तर जमीन का बिघडली यावरचा वाद मिटणार नाही. म्हणून त्यांनी कालव्यावर बसवायच्या ‘स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम’ या मोजणीच्या रचनेवर काम केले. कालव्याचा गळा थोडा आवळायचा आणि तळ किंचित उंच करायचा. पाणी तिथून वेगाने उतरते आणि पुढे एकाच जागी एक लाट उभी राहते. अशा वेळी वरच्या बाजूची पाण्याची उंची पट्टीवर वाचली, की विसर्ग काढता येतो. यंत्र नको, वीज नको. महाराष्ट्रातल्या कालव्यांवर ही रचना आजही ओळखीची आहे.

पुराचे सूत्र

मोजमापाची हीच सवय त्यांनी दख्खनच्या नद्यांनाही लावली. मुंबई इलाख्यातल्या नद्यांचे पूर आणि पाऊस यांच्या नोंदी गोळा करून त्यांनी मोठ्यात मोठा पूर किती येऊ शकेल याचे एक सूत्र बसवले. पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचे. त्याला १२४ ने गुणायचे आणि त्याच क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर दर सेकंदाला किती घनमीटर पाणी, असे येते. एक हजार चौरस किलोमीटरच्या पाणलोटासाठी हा आकडा सुमारे ३,९०० घनमीटर इतका भरतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हे ‘इंग्लिसचे सूत्र’ म्हणूनच शिकवले जाते.

डिसोझा या सहकाऱ्यासोबत त्यांनी पावसापैकी किती पाणी नदीला मिळते, याचीही सूत्रे दिली. त्यात घाटमाथ्यासाठी एक आणि दख्खनच्या पठारासाठी दुसरे सूत्र आहे. पठाराच्या सूत्रात वर्षाचा पाऊस ८० सेंटिमीटर धरला, तर त्यातले जेमतेम २० सेंटिमीटर पाणी वाहून नदीला मिळते. पाऊस निम्मा, म्हणजे ४० सेंटिमीटर झाला, तर वाहणारे पाणी साडेतीन सेंटिमीटरवर येते. पाऊस निम्मा झाला की नदीचे पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे गणित न शिकताही ठाऊक असते. आकड्यात मांडल्यावर धरण किती मोठे बांधायचे, हे त्यावरून ठरवता येते.

अंगणातल्या नद्या

संशोधनासाठी खडकवासल्याची जागा उत्तम होती. धरणाच्या तलावाचे पाणी वरच्या पातळीवर आणि स्वच्छ. उतारावरून ते आपोआप खाली येई, पंप लागत नसे. तिथे जमिनीवर नद्यांच्या छोट्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. काठ, वळणे, बेटे, पूल, बंधारे, सगळे लहान प्रमाणात. तळाशी वाळू पसरायची, वरून पाणी सोडायचे आणि वाळू कुठे साचते, कुठून उपसली जाते हे पाहायचे. १९३६ मध्ये केंद्र सरकारने हे केंद्र आपल्याकडे घेतले आणि देशभरातल्या नद्यांचे प्रश्न खडकवासल्याला येऊ लागले.

प्रतिकृतीत एक मोठी अडचण असते. नदी शंभरपट लहान केली, तर वाळूचा कणही शंभरपट लहान करायला हवा. पण अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण शंभरपट लहान केला, की ती वाळू राहत नाही, चिकणमाती होते. चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि वाळूसारखे वाहत नाहीत. म्हणून प्रतिकृतीत वाळू वाळूच ठेवावी लागते आणि खोली व उतार मुद्दाम वाढवून घ्यावे लागतात. मग ती प्रतिकृती खरी कशी मानायची? इंग्लिस यांची कसोटी सरळ होती. खऱ्या नदीने गेल्या काही वर्षांत जे केले आहे, ते आधी प्रतिकृतीत घडवून दाखवायचे. जुने वागणे जुळले, तरच पुढच्या भाकितावर विश्वास ठेवायचा. याच कामात त्यांचे अनेक भारतीय सहकारी तयार झाले. त्यांतले दि. वि. जोगळेकर पुढे या संस्थेचे संचालक झाले आणि नद्यांच्या नियंत्रणावरचा त्यांचा ग्रंथ भारतीय अभियंत्यांनी वर्षानुवर्षे वापरला.

वाळू किती, हे का महत्त्वाचे

वाळू वाहणाऱ्या प्रवाहाचे गणित भारतात कालव्यांपासून सुरू झाले. १८९५ मध्ये केनेडी यांनी पंजाबच्या कालव्यांत, गाळ न साचता आणि तळ न खरवडता पाणी वाहायचे तर खोलीनुसार किती वेग हवा, हे सांगितले. १९३० च्या सुमारास जेराल्ड लेसी यांनी त्यात भर घातली. त्यांनी वाळूच्या कणाच्या जाडीवरून एक ‘गाळ गुणांक’ ठरवला आणि कालव्याची रुंदी, खोली व उतार विसर्गाशी जोडले. वाळूच्या पात्राला मोकळे सोडले, तर ते पाण्याच्या मानाने स्वतःचा आकार ठरवते, ही त्यामागची कल्पना होती.

इंग्लिस यांनी या कल्पनेतली उणीव दाखवली. पात्राचा आकार कणाच्या जाडीवरच ठरत नाही. पाण्यासोबत वाळू किती येते, यावरही ठरतो. तेवढ्याच पाण्यात वाळूचा भार वाढला, तर पात्र रुंद आणि उथळ होते, उतार वाढतो. भार कमी झाला, तर उलटे घडते. भुकेले पाणी तळच खरवडू लागते. ‘भार’ हा तिसरा घटक त्यांनी लेसींच्या सूत्रांत आणला. धरणाखालच्या नदीचे वागणे समजायला आजही हाच विचार उपयोगी पडतो.

त्याच काळात युरोपात वेगळ्या वाटेने काम चालू होते. तिथे आल्प्सच्या नद्यांतल्या गोट्यांचा प्रश्न होता. झुरिकमध्ये मायर-पीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांबलचक पन्हाळीत गोटे ठेवून प्रयोग केले आणि १९४८ मध्ये आपले सूत्र पक्के केले. पाण्याची तळावरची ओढ ठराविक मर्यादेपलीकडे गेली, तरच गोटा हलतो. त्या मर्यादेच्या वर जेवढी ओढ शिल्लक राहते, त्यावरून वाहतूक काढायची. याच प्रयोगशाळेत शिकलेले हान्स आल्बर्ट आइनस्टाईन, म्हणजे थोर शास्त्रज्ञ आइनस्टाईन यांचे पुत्र, पुढे अमेरिकेला गेले. १९५० मध्ये त्यांनी प्रत्येक कण उचलला जाण्याची शक्यता किती, अशा संभाव्यतेच्या भाषेत हे गणित मांडले.

या सगळ्या पद्धतींतून एक गोष्ट समोर आली. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर वाळूची वाहतूक दुप्पट होऊन थांबत नाही. ती पंधरा-वीस पटींनी, कधी तीस पटींनीही वाढते. म्हणून वर्षभरातली बहुतेक वाळू पुराच्या मोजक्या दिवसांत वाहते. दोन-तीन वर्षे मोठा पूर आलाच नाही, तर नवी वाळू जवळपास येतच नाही. दुसरी गोष्ट नम्रतेची आहे. उत्तम सूत्रानेही काढलेला आकडा प्रत्यक्षाच्या निम्मा किंवा दुप्पट निघाला, तरी या शास्त्रात तो चांगला मानतात. म्हणून सूत्राच्या जोडीला मोजणी लागतेच. इंग्लिस यांचा भर याच गोष्टीवर होता.

सक्करचे कालवे आणि चहाची पूड

या विचाराची मोठी परीक्षा सिंधमध्ये झाली. सिंधू नदीवरचे सक्करचे बॅरेज १९३२ मध्ये सुरू झाले. त्यावरून सात कालवे निघतात, त्यांतले तीन उजव्या तीरावर आहेत. काही वर्षांतच या उजव्या कालव्यांत वाळू भरू लागली. नदीतून कालव्यात पाण्यासोबत प्रमाणाबाहेर वाळू शिरत होती. कालवे असेच भरत राहिले असते, तर त्यांवर अवलंबून असलेली लाखो एकर शेती धोक्यात आली असती.

खडकवासल्याला सक्करची प्रतिकृती तयार झाली. उपाय सापडला तो वळणाच्या गुणधर्मात. पातेल्यातला चहा चमच्याने गोल ढवळून सोडला, की पूड कडेला न जाता तळाशी मध्यभागी गोळा होते. वळणारे पाणी वरच्या थरात बाहेरच्या बाजूला जाते आणि तळाशी आतल्या बाजूला येते. तळाची पूड त्याच्यासोबत आत ओढली जाते. नदीच्या वळणावरही हेच घडते. वाळू आतल्या काठाला साचते आणि बाहेरच्या काठाला तुलनेने स्वच्छ पाणी मिळते. म्हणून उजव्या कालव्यांच्या तोंडापर्यंत पाणी योग्य वळण घेऊन येईल, असा वेगळा मार्ग नदीतच बांधण्यात आला. कालव्यांचे तोंड वळणाच्या बाहेरच्या बाजूला आले. हे काम १९४० च्या सुमारास झाले आणि कालव्यांत शिरणारी वाळू आटोक्यात आली. त्याची किंमतही मोजावी लागली. बॅरेजच्या ६६ गाळ्यांपैकी १० गाळे कायमचे बंद करावे लागले आणि पूर सोडण्याची क्षमता तेवढी घटली. नदीशी केलेल्या तडजोडीत काहीतरी सोडावे लागतेच.

पुलाचा पाया किती खोल

सर्वसामान्य माणसाच्या रोजच्या सुरक्षिततेशी जोडलेले इंग्लिस यांचे काम मात्र पुलांचे आहे. पुरात पुलाच्या खांबाभोवती पाणी भोवरे घेत तळाची वाळू उपसते. पूर ओसरला की खड्डा पुन्हा भरतो, म्हणून नंतर पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पाया त्या खड्ड्यापेक्षा खोल नसेल, तर पूल जातो. खड्डा किती खोल होईल, हे कसे सांगायचे?

इंग्लिस यांनी वाळूच्या पात्रांतल्या १७ पुलांच्या नोंदी एकत्र केल्या. लेसींच्या सूत्राने येणारी खोली आणि खांबांच्या टोकाशी प्रत्यक्ष मोजलेली खोली यांची तुलना केली. प्रत्यक्ष खोली सरासरीने लेसींच्या खोलीच्या दुपटीच्या आसपास भरली. म्हणून खांबांसाठी लेसींची खोली दुप्पट धरावी, असा नियम त्यांनी सुचवला. उदाहरणार्थ, सेकंदाला ८,००० घनमीटरचा पूर आणि सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची वाळू असेल, तर लेसींची खोली साडेनऊ मीटर येते. खांबाजवळ ती जवळपास १९ मीटर धरायची, आणि तीही तळापासून मोजायची नाही, पुराच्या पातळीपासून मोजायची. पाया याच्याही खाली न्यायचा. भारतीय रस्तेपुलांच्या नियमावलीत खांबांसाठी ही दुपटीची अट आजही आहे.

थेम्सचा परत येणारा गाळ

१९४५ मध्ये इंग्लिस निवृत्त झाले. त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. त्यांच्या भारतातल्या कामाचे सार ‘द बिहेवियर अँड कंट्रोल ऑफ रिव्हर्स अँड कॅनाल्स’ या दोन भागांच्या ग्रंथात आहे. तो १९४९ मध्ये पुण्याच्या याच संस्थेने प्रसिद्ध केला. तोवर ते इंग्लंडमध्ये दुसऱ्या कामाला लागले होते. ब्रिटनने खडकवासल्यासारखेच संशोधन केंद्र उभारायचे ठरवले आणि त्याचे पहिले संचालकपद इंग्लिस यांच्याकडे आले. तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. थेम्स नदीकाठच्या वॉलिंगफर्ड येथे त्यांनी ही संस्था उभी केली. खडकवासल्याचा अनुभव असा उलट्या दिशेने विलायतेला गेला.

तिथे त्यांनी थेम्सच्या खाडीतल्या गाळाचे कोडे सोडवले. लंडनच्या बंदरातला गाळ वर्षानुवर्षे उपसून खाडीत खालच्या बाजूला टाकला जात होता, तरी बंदर पुन्हा भरत होते. इंग्लिस आणि त्यांचे सहकारी ॲलन यांनी दाखवले, की समुद्राचे खारे, जड पाणी तळाशी वरच्या दिशेने सरकते आणि टाकलेला गाळ पुन्हा घेऊन येते. लंडन पैसे खर्च करून तोच गाळ पुन्हा पुन्हा उपसत होते. त्यानंतर गाळ पाण्यात न टाकता जमिनीवर टाकण्याकडे बंदर वळले. १९५३ मध्ये इंग्लिस रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पंच्याहत्तरीपर्यंत त्यांनी ही संस्था सांभाळली आणि २९ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव ब्रायन इंग्लिस पत्रकार आणि लेखक म्हणून नावाजले गेले.

पुन्हा गंगाखेडला

इंग्लिस यांच्या निधनानंतर दीड-दोन वर्षांत, १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण वापरात आले. आता वरून येणारी बरीचशी वाळू नाथसागरात अडते. त्याखाली ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे उच्च पातळी बंधारे आहेत. पूर्णेवर येलदरी आहे, दुधनेवर निम्न दुधना आहे. परभणीच्या पात्रात येणारी वाळू आता प्रामुख्याने धरणांखालच्या ओढ्या-नद्यांतून आणि जुन्या साठ्यातून येते. पाणी तेच आणि भार कमी झाला, की पात्र खोल जाते, हे इंग्लिस यांचे निरीक्षण इथे लागू पडते. त्यात वरून उपसा झाला, तर खोली आणखी वाढते. विहिरींचे पाणी पात्राच्या पातळीशी जोडलेले असते, त्यामुळे तेही खाली जाते. पुलाच्या पायाभोवतीचा आधार आधीच काढून घेतलेला असतो. पुराचा खड्डा त्याच्या पुढे पडतो.

वाळू उपशासाठी केंद्राने २०१६ आणि २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार प्रत्येक जिल्ह्याने सर्वेक्षण अहवाल करायचा आहे आणि पुरानंतर वाळू किती भरून आली याचा अभ्यास करायचा आहे. नदीने जेवढे दिले, त्याच्या आतच उपसायचे, हे त्यामागचे तत्त्व. पण ‘जेवढे दिले’ हा आकडा सूत्राने एकदा काढून कागदावर ठेवला, की काम संपत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पात्राची उंची त्याच जागी पुन्हा मोजावी लागते, कणांची जाडी तपासावी लागते, पुराचे दिवस मोजावे लागतात. ज्या वर्षी पूर आला नाही, त्या वर्षी नदीचे उत्पन्न नाही, हे मान्य करावे लागते. नदीने आधी काय केले ते मोजायचे आणि मगच पुढचे ठरवायचे, ही खडकवासल्याच्या अंगणातल्या प्रतिकृतींची शिस्त होती. गंगाखेडच्या पुलाखालच्या वाळूचा हिशेबही त्याच शिस्तीने मांडावा लागेल.